अडतिसावी सही

दा-ऊलनं तक्ता वाचला, उलटा केला, मागे काही छापलंय का ते पाहिलं, आणि पुन्हा सरळ करून कू सरांकडे सरकवला.

"सही राहिली," कू सर म्हणाले.

"राहिली नाही. केली नाही."

शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी दोघंच होते. उपमुख्याध्यापक सोक खिडकीजवळच्या आपल्या मेजावर बसले होते, पण ते कायमच तिथे बसलेले असत, त्यामुळे त्यांना कुणी मोजत नसे. जुलैतला शुक्रवार होता. संध्याकाळी पाचपर्यंत बारावीच्या इंग्रजीचे गुण कुलूपबंद करून वर पाठवायचे होते. विद्यापीठांकडे जाणारे हे शेवटचे गुण. त्यासाठी वर्गातल्या अडतीसही जणांनी आपापल्या गुणांसमोर सही करायची असते. तक्त्याच्या डोक्यावर एकच ओळ छापलेली असते: 'मी माझे गुण पाहिले असून माझी कोणतीही हरकत नाही.'

सदतीस सह्या झाल्या होत्या. तिघींनी सहीत बदाम काढला होता. बांग मिन-गूनं अर्धवट झोपेत केलेली सही खालच्या मुलाच्या रकान्यात घरंगळली होती. शेवटच्या ओळीत प्यो दा-ऊल असं नाव होतं, आणि त्यापुढे पांढरा कागद.

"तुझे गुण चुकलेत का?" कू सरांनी विचारलं.

"नाही. पंचवीस. बरोबर आहेत."

"मग?"

"बाकीच्यांचे चुकलेत."

कू सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"दुसऱ्यांच्या गुणांवर हरकत घेता येत नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर माझ्याच गुणांवर घेतीये," दा-ऊल म्हणाली.

प्रकरण सत्ताविसाव्या प्रश्नाचं होतं. तो कू सरांनीच काढला होता, आणि काढायला लावला होता सोक यांनी. मागच्या परीक्षेत सात जणांना पैकीच्या पैकी पडले, आणि पहिल्या क्रमांकावर सात जण दाटीवाटीनं उभे राहिले की एकदोघांपुरतीच असलेली पहिली श्रेणी नियमाप्रमाणे कुणालाच मिळत नाही. सात पहिले आले म्हणून पहिला कुणीच आला नाही, हे पालकांना समजावता समजावता सोक यांचं वजन दोन किलोनं उतरलं. या खेपेला त्यांनी बजावलं, "कू सर, एक चाळणीचा प्रश्न हवा. पोरं गळली पाहिजेत."

कू सरांनी चाळणी टाकली. एकसारखे ऐकू येणारे दोन इंग्रजी शब्द, एक इमिग्रंट, एक एमिग्रंट. इथल्या भाषेत दोघांना मिळून एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र परक्या देशात येऊन दाखल झालेला वेगळा आणि आपला देश सोडून निघालेला वेगळा. प्रश्नातलं वाक्य असं होतं, की जहाज सुटायच्या बेतात आहे, आणि कठड्याशी दाटलेले अमुक लोक धक्क्यावरच्या आपल्या माणसांना हात करताहेत. अमुकच्या जागी योग्य शब्द निवडा. गुण चार.

चाळणी जरा बारीक निघाली. अडतिसातले सदतीस गळले. सगळ्यांनी इमिग्रंट लिहिलं, कारण शिकवणीच्या वहीत तेवढा एकच शब्द होता. बरोबर उत्तर लिहिलं एकटीनं. ती वर्गात सदतिसावी होती. अडतिसावा मिन-गू. त्यानं प्रत्येक प्रश्नाला तीन नंबरचा पर्याय रंगवला होता आणि उरलेला वेळ बाकावर डोकं टेकून घालवला होता.

"कॉपी," सोक यांनी तेव्हाच निदान केलं होतं.

"कुणाची?" कू सरांनी विचारलं होतं.

सोक यांनी सदतीसही उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्या होत्या.

मग औषधांच्या दुकानवाल्या बाई आल्या, ये-जूची आई. ये-जू शहाण्णव गुणांनी पहिली होती. बाईंचं म्हणणं, एमिग्रंट हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या यादीत नाही, सबब प्रश्न रद्द करा किंवा सगळ्यांना गुण द्या. सगळ्यांना चार गुण दिले तरी ये-जू पहिलीच राहत होती, दुसरा दुसराच आणि पस्तिसावा पस्तिसावाच. पण शंभरला शंभरची शोभा असते, आणि बाईंच्या मागे आणखी अकरा आया होत्या. हरकत तपासणाऱ्या समितीत तिघे लागतात म्हणून इंग्रजीच्या दोघांत गणिताच्या सरांना घेतलं. गणिताचे सर म्हणाले, सदतीस विरुद्ध एक म्हणजे बहुमत स्पष्ट आहे. कू सरांचं मत वेगळं होतं. इतिवृत्तात मात्र 'एकमतानं' असं आलं, आणि ते नीट वाचून कू सरांनी खाली सही केली होती. त्यांची नेमणूक कंत्राटी होती, फेब्रुवारीअखेरपर्यंतची.

सगळ्यांना चार-चार गुण मिळाले. दा-ऊलला ते आधीच असल्यामुळे मिळाले नाहीत. मिन-गूचे बावीसचे सव्वीस झाले आणि दा-ऊल अडतिसावी झाली. म्हणजे एवढ्या सगळ्या खटाटोपाचा परिणाम एकूण दोन माणसांवर झाला होता, आणि त्यातला एक झोपला होता.

"काय चाललंय तिकडे?" खिडकीजवळून आवाज आला. सोक उठून आले. त्यांनी तक्ता उचलला, शेवटची ओळ पाहिली आणि दा-ऊलकडे पाहिलं. "अगं, एका नंबरानं काय होतं? सदतिसावी काय नि अडतिसावी काय. श्रेणी तीच."

"मला चालेल अडतिसावी," दा-ऊल म्हणाली. "माझे चार गुण काढून घ्या वाटल्यास. आत्ता सही करते. फक्त त्यांचं बरोबर म्हणू नका."

सोक यांना असा सौदा आजवर कुणी देऊ केला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"शब्द पुस्तकात नव्हता, बाळ."

"पेपरात होता ना, सर. तिथंच वाचला मी."

"म्हणजे आधी माहीत नव्हता?"

"नाही."

"ऐकलंत कू सर?" सोक यांचा चेहरा उजळला. "तुक्का! तुक्का मारलाय पोरीनं. आणि आपण इथं..."

"तुक्का नाही. एक शब्द माहीत होता. तो तिथं बसत नव्हता, म्हणून दुसरा लिहिला."

"कसा बसत नव्हता? सदतीस जणांना बसला."

दा-ऊलनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. लवकर सुटका नाही हे तिच्या लक्षात आलं असावं.

"इमिग्रंटांचं ऑफिस आहे शहरात, बंदराच्या मागं," ती म्हणाली. "पाटीवर इंग्रजीत तेच लिहिलंय. आठ वर्षांची होते तेव्हापासून जाते मी तिथं. आधी आईच्या कार्डासाठी, मग मावशीच्या, मग आईबरोबर समुद्रशेवाळाच्या वाळवणावर असतात त्या बायकांच्या. अर्ज मीच भरते सगळ्यांचे. तिथं सगळे नंबर घेऊन बसलेले असतात, भिंतीवरच्या आकड्याकडे बघत. सकाळी नऊला गेलं की तीन वाजतात. पण तिथं कुणी कुणाला हात करत नाही, सर. एकदासुद्धा बघितलं नाही. हात करायला समोर आपलं कुणीतरी लागतं."

पंखा फिरत होता. तक्त्याचं एक टोक वर उचललं जात होतं आणि पडत होतं.

"वाक्यातली माणसं हात करत होती," दा-ऊल म्हणाली. "म्हणजे ती अजून तिथं पोचली नव्हती. म्हणून दुसरा शब्द."

कू सरांनी प्रश्नपत्रिका जवळ ओढली आणि सत्ताविसावा प्रश्न वाचला. तो त्यांनी एका मंगळवारी डबा खाता खाता काढला होता. त्यातल्या जहाजावर माणसं आहेत, हे त्यांच्या आज ध्यानात येत होतं.

"हे बघ," सोक म्हणाले, "हे इंग्रजी नव्हे. ही हकीकत झाली."

"उत्तर चुकलं का पण?"

सोक यांनी घड्याळात पाहिलं. सव्वातीन. "आईला बोलव," ते म्हणाले. "पालकांची सही चालते. नियमात आहे."

दा-ऊलची आई पाऊण तासानं आली. स्कूटरवरून आली होती आणि बाहीला समुद्रशेवाळाचा एक वाळका तुकडा चिकटलेला होता. दारात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता तिला दोन मापं मोठ्या होत्या, त्यामुळे ती खोलीभर सपक सपक आवाज करत चालत आली. तिचं नाव हान. माहेर व्हिएतनाममधलं. इथली भाषा ती वाळवणावरच्या म्हाताऱ्यांकडून शिकली होती, म्हणून चाळिशीची बाई बोलायची मात्र सत्तरीच्या कोळणीसारखी.

सोक उभे राहिले. दोन्ही हात छातीपुढे आणून त्यांनी मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दा-ऊलची आई! तुमची मुलगी! सही! करत नाही!"

"एवढं वरडताय कशापायी?" हान म्हणाली. "बहिरी न्हाई मी, परकी हाय. आन् आता तर परकीबी न्हाई. आठ वर्सं झाली पासपोर्टाला."

सोक यांनी हात खाली घेतले. कू सरांनी खुर्ची दिली. हान बसली आणि बाहीवरचा तुकडा काढून तिनं तो खिशात ठेवला.

"तसं नाही," सोक आवाज उतरवून म्हणाले. "तुम्हाला प्रश्न लगेच कळेल. इंग्रजी तर तुमच्या घरातलंच."

"कुणाच्या?"

"तुमच्या. तुमच्याकडे बोलतातच ना."

"आमच्याकडं व्हिएतनामी बोलत्यात, सर. विंग्रजीतलं मला हॅलो येतंय. तेबी फोनवरच."

सोक यांनी मेजावरची नोंदवही उघडली. "पण इथं लिहिलंय. 'घरी इंग्रजीचे वातावरण. तरीही प्रगती असमाधानकारक.' तीन वर्षं हेच आहे."

"कुणी लिवलं?"

सोक यांनी कू सरांकडे पाहिलं. कू सरांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं बसणाऱ्या बाईंची गेल्याच महिन्यात एका बेटावर बदली झाली होती.

"तीन वर्सं," हान दा-ऊलला म्हणाली, "मला वाटायचं तू विंग्रजीत कच्ची हाईस. माझ्यामुळं कच्ची हाईस व्हय?"

"मी कच्चीच आहे, आई. ते खरंय."

"मग आज पक्की कशानं झालीस?"

"आज नाही. एका प्रश्नापुरती."

हान हसली. तिनं दा-ऊलच्या हाताला हात लावला, मग स्वतःच्या तळव्याचा मिठाचा खरखरीतपणा जाणवून तो मागे घेतला.

सोक यांनी ही संधी साधून तक्ता पुढे केला. "तर इथं. शेवटची ओळ. नुसती सही. शाळेचं काम अडलंय, बाकीच्या सदतीस मुलांचं भवितव्य यात आहे. तुम्ही समजूतदार आहात."

"वाचून दावा."

"काही नाही हो, नेहमीचंच आहे."

"तेच म्हंते मी. अठरा वर्सं नेहमीचंच असतंय. कारखान्यात, बँकेत, त्या ऑफिसात. हितं सही, तितं अंगठा. वाचायला मागितलं की म्हंत्यात नेहमीचंच हाय. आज जरा ऐकू द्या."

सोक यांनी वाचलं, "मी माझे गुण पाहिले असून माझी कोणतीही हरकत नाही."

हाननं मान डोलावली. मग कू सरांकडे वळून विचारलं, "तुमीच सर का विंग्रजीचे?"

"हो."

"हिचं बरोबर व्हतं?"

"हो."

"आन् बाकीच्यांचं?"

कू सरांनी तोंड उघडलं, पण उत्तर सोक यांनी दिलं. "बाकीच्यांचंही बरोबर मानण्यात येत आहे."

"मानन्यात येतंय म्हंजी चुकलंय."

"असं एकदम म्हणता येणार नाही."

"मी मासळी इकत न्हाई आता," हान म्हणाली, "पण दोन वर्सं इकली. शिळी मासळी ताजी मानन्यात येत न्हाई, सर. गिऱ्हाईक वास घेतंय."

गणिताचे सर याच वेळी खोलीत आले, वातावरण पाहिलं, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत गेले.

"दा-ऊल," हान म्हणाली, "तुला हरकत हाय?"

"आहे."

"मोठी का बारकी?"

दा-ऊलनं विचार केला. "एकच आहे. पण आहे."

"मग संपलं की." हाननं तक्ता दोन बोटांनी सोक यांच्याकडे सरकवला. "हितं लिवलंय हरकत न्हाई. आन् हिला हरकत हाय. मागं एकदा माझ्या अर्जावर जन्माचा म्हयना चुकीचा पडला, मी सही करून बसले. सात म्हयने हेलपाटं घातलं त्या ऑफिसात. तितला मानूस म्हनाला, बाई, खोट्या कागदावर सही करनं हा गुन्हा हाय ह्या देशात. तवापासनं मी शिकले. आता तुमी शाळा असून मला गुन्हा करा म्हंताय."

"बाई, हा सरकारी अर्ज नाही, हा फक्त—"

"नेहमीचाच हाय. म्हाईतीये."

ती उठली. वाळवण दव पडायच्या आत उचलायला हवं होतं. दारापर्यंत सपक सपक करत गेली, तिथं सपाता काढून जोडीनं नीट लावल्या, आणि बाहेरून म्हणाली, "दा-ऊल, सर सोडतील तवा ये. घाई करू नगं. पर सही करून आलीस तर जेवन मिळायचं न्हाई."

स्कूटरचा आवाज उतारावरून गेला. साडेचार वाजले होते.

सोक यांनी तक्ता खाली ठेवला. मग त्यांनी कपाटातून दुसरा कागद काढला. त्यांच्या कपाटात प्रत्येक अडचणीसाठी एक कागद होता आणि अडचण त्या कागदाच्या मापाची नसली तर ते अडचण कापून घेत. "विद्यार्थ्याची सही उपलब्ध न झाल्यास," त्यांनी वाचलं, "विषयशिक्षकानं कारण नोंदवून आपली सही करावी. झालं. पोरीला त्रास नको, आईला नको. कू सर, तुम्ही करा."

"कारण कुठलं?" कू सरांनी विचारलं.

कारणं छापलेली होती. गैरहजर. रुग्णालयात. शाळा सोडली. एकाभोवती गोल करायचा होता.

"गैरहजर," सोक म्हणाले.

"मी इथंच आहे," दा-ऊल म्हणाली. ती मेजापासून हातभर अंतरावर उभी होती.

"कागदावर गं. कागदावर गैरहजर. खरोखर नाही."

"सर, मी तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. पास होत नाही, पण येते तरी. तेवढं एकच चांगलं आहे माझ्या नोंदीत."

सोक यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते कू सरांच्या खुर्चीशेजारी आले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "सप्टेंबरात पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची यादी मी करतो. तुमचं काम चांगलं आहे. समितीत तुम्ही समजुतीनं घेतलंत, ते माझ्या लक्षात आहे. आता पंचवीस मिनिटं राहिलीत."

कू सर कागदाकडे पाहत राहिले. समितीचं इतिवृत्त त्याच फायलीत वरती लावलेलं होतं, आणि 'एकमतानं' या शब्दाखाली त्यांची सही होती. चांगली सही होती. वळणदार. त्यांनी फाईल मिटली.

मग ते दा-ऊलला म्हणाले, "बस कितीची आहे तुझी?"

"चार पन्नासची. नंतर सहाची."

"चार पन्नासची मिळेल. जा."

"सही?"

"तुझी नकोय."

दा-ऊल हलली नाही. कुणाची हवी आहे ते तिला कळत होतं, आणि ती होते की नाही हे पाहिल्याशिवाय जायचा तिचा विचार दिसत नव्हता. तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली आणि तिथंच उभी राहिली.

"करा हो," सोक म्हणाले.

"पेन नाही," कू सर म्हणाले.

पेन त्यांच्या शर्टाच्या खिशाला होतं. निळं, चांदीच्या चापाचं. सोक यांनी त्याच्याकडे पाहिलं, दा-ऊलनं पाहिलं, कू सरांनीही मान खाली घालून एकदा पाहून घेतलं. सोक सत्तावीस वर्षं शाळेत होते. समोरचा उघड उघड खोटं बोलत असला तर त्याला ओशाळं करायचं नाही, संधी द्यायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पुढे केलं.

कू सर उठून उभे राहिले. वडीलधाऱ्यांकडून काही घ्यावं तसं त्यांनी ते दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, रीतसर घेतलं. टोपण घट्ट बसलंय का ते पाहिलं. आणि आपल्या पेनाशेजारी खिशाला लावलं.

"हे काय?" सोक म्हणाले.

"आता तुमच्याकडेही नाही," कू सर म्हणाले.